आप्पाची वही

दिवाळी अंकासाठी संपादकांचा निरोप दरवर्षी श्रावणातच येतो, आणि दरवर्षी त्यात ‘काहीतरी हलकेफुलके लिहा, सहलीबिहलीचे चालेल’ अशी एक ओळ असते. या ओळीची मला धास्ती वाटते. हिमालयात जाऊन येणारी माणसे वेगळी. मी पिंप्राळ्यात राहणारा आणि जळगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. माझा रोजचा प्रवास म्हणजे रेल्वेच्या रुळांच्या अलीकडून पलीकडे आणि संध्याकाळी पलीकडून अलीकडे. एवढ्यावर चार पाने लिहिता येतील, पण वाचणार कोण?

यंदा मात्र सांगण्यासारखी एक सहल माझ्याजवळ आहे. ती झाली २०२२ च्या डिसेंबरात. इतके दिवस मी ती लिहिली नाही, याला कारण असे की, तिच्यात माझे वागणे फारसे शोभेचे नव्हते. आणि दुसरे म्हणजे, ती ज्याची खरी गोष्ट आहे, त्याची परवानगी नव्हती. ती परवा मिळाली. परवानगीबरोबर एक वहीही मिळाली. तिच्याविषयी पुढे येईलच.

आम्ही चौघे. नाना बँकेत आहे, आणि बँकेत असल्यामुळे आमच्या प्रत्येक बेताचा तो आपोआप खजिनदार होतो. बापूची शिवारात केळी आहे. केळी आणि केळीखेरीज बाकीचे सर्व, अशी त्याने सृष्टीची दोन भागांत वाटणी करून टाकली आहे. आप्पाचे गावात किराणा दुकान. ‘आप्पा’ हे नाव त्याला आठव्या-नवव्या वर्षीच चिकटले. कारण त्या वयातही तो भजनात पुढे बसायचा आणि पांढऱ्या मिश्यांच्या माणसांना ‘ताल धरा, ताल’ म्हणून दटावायचा.

पिंप्राळा हे आमच्याकडचे प्रतिपंढरपूर. आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. पुढून दोर ओढणारे ओढतात आणि चाकाखाली मोगरी लावणारे जिवावर उदार होऊन ती लावतात, तेव्हा कुठे तो डोलारा वळणे घेतो. रथापुढे भजनी मंडळी चालतात. त्यांत वीस-पंचवीस वर्षे आप्पाचा आवाज सगळ्यांच्या वरून यायचा. एका वर्षी तर लाउडस्पीकरवाल्याने हात जोडले होते, ‘आप्पा, तुम्ही माइकपासून चार हात लांब चाला हो, माझा कर्णा फाटून राह्यला!’

शास्त्रीय गाणे त्याला कोणी शिकवले नव्हते. दुकानातला रेडिओ हाच गुरू. आमच्या जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ पासूनचे. त्यावरून जे जे गाणे आले, ते ते साखरेच्या पोत्याला टेकून आप्पाने ऐकले. गिऱ्हाईक शेंगदाणे मागत उभे असायचे आणि हा तान संपायची वाट पाहायचा. यात हसण्यासारखे काही नाही. भीमसेन जोशींनीही लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका एका दुकानातच ऐकली होती, आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, असे गाणे शिकवणारा गुरू शोधायला ते घरातून पळून गेले. आप्पा पळून गेला नाही, एवढाच फरक. दुकान कोण पाहणार?

पण १९९७ च्या डिसेंबरात आम्ही चौघे मिळून पळालो. म्हणजे घरी सांगूनच पळालो. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रमणबागेच्या मैदानावर भरत असे आणि रात्र रात्र चालत असे. मी एम.ए.ला होतो आणि खिशात परतीच्या भाड्यापुरते पैसे होते. घोंगड्या पांघरून, एकमेकांना टेकून, एकच चहा दोघांत पिऊन आम्ही रात्र काढली. शेवटच्या पहाटे भीमसेन गायला बसले. त्या गाण्याचे वर्णन करायचा मोह मी आवरतो. मराठीच्या प्राध्यापकांनी गाण्याची केलेली वर्णने वाचून माणसे गाण्यापासून दूर जातात असा अनुभव आहे. एवढेच सांगतो, की आप्पा त्यानंतर दोन दिवस बोलला नाही. नानाने खोदखोदून विचारले तेव्हा म्हणाला, ‘आता काय बोलायचं भो?’

२०२१ साली त्याचा आवाज बसला.

तंबाखू होतीच. दुकानात बसल्या बसल्या दिवसातून पंधरा-वीस वेळा मळायची. आवाज बसला त्याला त्याने आधी धूळ म्हटले, मग सर्दी म्हटले, मग गरम मसाल्याची पोती फोडली म्हणून म्हटले, आणि यात चार महिने गेले. मुंबईला नेले तेव्हा स्वरयंत्र काढून टाकण्यावाचून इलाज उरला नव्हता. माणूस वाचला.

स्वरयंत्र काढले की श्वास नाकातोंडातून जात नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला एक भोक ठेवतात, त्यातून माणूस श्वास घेतो. त्यावर जाळीची पट्टी आणि पट्टीवर मफलर. बोलणे जाते हे सर्वांना कळते; वासही जवळजवळ जातो, हे मला आप्पामुळे कळले. हवाच नाकातून जात नाही, तर वास कुठून येणार? किराणा दुकानदाराला हिंग आणि धने यांतला फरक डोळ्यांनी ओळखावा लागावा, ही शिक्षा लहान नाही. गळ्याला बाहेरून लावून बोलायचे एक यंत्र मिळते. मेहुण्याने ते आणून दिले. आप्पाने ते दोनदा वापरले आणि कपाटात ठेवून दिले. का, तेही लिहून दाखवले: ‘सगळं एकाच सुरात बोलतं. आणि तो सूरपण लागलेला नाही.’

तेव्हापासून शाळेच्या मुलांची दोनशे पानी वही आणि खिशाला पेन, हा त्याचा आवाज झाला. देवळात जाणे बंद झाले. २०२२ च्या आषाढीला रथ दुकानावरून गेला, तेव्हा शटर अर्धे ओढलेले होते आणि आप्पा आत होता. रथ पुढे गेल्यावर शटर वर झाले.

करोनामुळे दोन वर्षे पुण्याचा महोत्सव झाला नव्हता. तो त्या डिसेंबरात होणार, असे नानाने वर्तमानपत्रात वाचले आणि दुकानाच्या पायरीवर बसून प्रस्ताव मांडला, ‘जाऊ या चौघे.’ मी त्याला बाजूला घेतले आणि चांगलाच खडसावला. ज्याचा गळा गेला त्याला गाण्याला नेणे म्हणजे उपाशी माणसाला पंगतीच्या दारात उभे करणे आहे, वगैरे. दृष्टान्त देणे हा माझा धंदा आहे. नानाला काही बोलता येईना. पण आतून वहिनी सगळे ऐकत होत्या. त्या उंबऱ्यात येऊन म्हणाल्या, ‘भाऊजी, घेऊन जा तुम्ही. दिवसभर भिंतीकडे पाहत बसता हे. तिकडे जाऊन रडले तरी चालेल मला.’

आप्पाने वही उघडली, एक ओळ लिहिली आणि नानाच्या हातात दिली. नानाने ती मोठ्याने वाचली. ‘मास्तरला म्हणावं, कान काढलेले नाहीत.’

शनिवारी संध्याकाळी महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली. दिवस भरताचे. बापूने पऱ्हाट्यांवर वांगी भाजून घरूनच भरीत करून आणले होते, वर कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात आणि (अर्थातच) केळीच्या दोन फण्या. गाडीने स्टेशन सोडले की मराठीच्या मास्तराला बालकवी आठवायचेच. १९१८ च्या मे महिन्यात याच रुळांवर, पण उलट दिशेला, भादलीपाशी ते गाडीखाली गेले. अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. मी हे सांगायला तोंड उघडले, तोच बापूने माझ्या तोंडात पुरी कोंबली. ‘हे दर वेळेला सांगून राह्यला तू.’ आप्पा हसला. त्याचे हसणे आता फक्त खांद्यांना होते; आवाज नसतो. भरीत त्याने दोनदा मागून घेतले आणि वहीत लिहिले: ‘वास नाही. तिखट लागतं. चालेल.’

पुण्यात पहाटे उतरलो. स्टेशनाजवळच्या लॉजवर अंघोळी केल्या आणि उजाडताना पर्वतीच्या पायथ्याशी गेलो. १९९७ साली गेलो होतो म्हणून. पायऱ्या एकशे तीन. बापूने विसाव्या पायरीवर गुडघ्यांची माफी मागितली आणि तो केळी सांभाळत तिथेच बसला. वास्तविक दमायला हवे होते आप्पाने. तो मफलर सैल करून एकेक पायरी मोजत वर गेला आणि आमच्या आधी देवदेवेश्वराला पोचला. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेले हे देऊळ. वरून पूर्वी शहर दिसायचे, आता इमारती दिसतात. पहिल्या खेपेस याच कट्ट्यावर बसून आप्पा तासभर गुणगुणला होता. ते मला आठवले, नानालाही आठवले असावे. कारण तो एकदम समोरच्या इमारतींचे भाव सांगू लागला.

शनिवारवाडा बाहेरूनच पाहिला. १८२८ च्या आगीनंतर आत जोतीच उरली आहेत, आणि जोती पाहायला बापू तयार नव्हता. तिथून बालगंधर्व रंगमंदिर. जळगावकराने तिथे जायलाच हवे, असा माझा आग्रह असतो. लहानगा नारायण राजहंस काही काळ जळगावला शिकायला होता आणि मेहबूबखाँकडून गाण्याचे पहिले धडे त्याने आमच्या गावात घेतले. या रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि ते उघडले २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या वाढदिवशी. मधल्या काळात, १९६७ च्या जुलैत, ते गेले होते. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन भव्य चित्रे आहेत. एक पुरुषवेषातले, एक स्त्रीभूमिकेतले. बापू बराच वेळ पाहत राहिला आणि मग दारावरच्या माणसाला अभिमानाने म्हणाला, ‘हे आमच्या जळगावचे, बरं का.’ त्या पुणेकराने वर न पाहता उत्तर दिले, ‘असतील.’

दहाच्या सुमारास राजा दिनकर केळकर संग्रहालयात पोचलो. हे मी मुद्दाम ठरवले होते. केळकर म्हणजे कवी अज्ञातवासी. आमच्या अभ्यासक्रमात ते एका ओळीत येतात आणि विद्यार्थी ती ओळ गाळतात. चष्म्यांचे दुकान चालवणारा हा माणूस गावोगाव फिरून दिवे, दौती, कुलपे, वज्र्या, फण्या, कोरीव दरवाजे, जुन्या घरांतून अडगळ म्हणून निघणारे जे जे सुंदर ते ते गोळा करीत राहिला. त्याचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. सगळा संग्रह त्याने त्या मुलाच्या नावाने केला आणि १९७५ साली सरकारला देऊन टाकला. हजारो वस्तू आहेत. एकेका दिव्यापुढे थांबलो असतो तर महोत्सव संपला असता.

पण तिथे जुन्या वाद्यांचे दालन आहे, हे मी विसरलो होतो. काचेमागे वीणा, सारंग्या, मृदंग. कितीएक वर्षे कोणी न वाजवलेली वाद्ये, आणि दारात आप्पा. मी नानाला डोळ्यांनी खुणावले. नानाने बापूला कोपरखळी मारली. तिघांनी मिळून, आपण काही करीत आहोत असे न दाखवता, आप्पाला अडकित्त्यांकडे वळवले. अडकित्ते तिथे खरोखरच पाहण्यासारखे आहेत. घोड्याचे, मोराचे, राघू-मैनेचे. मी त्यांवर व्याख्यानच सुरू केले. आप्पाने ते शांतपणे ऐकून घेतले आणि वही काढली. ‘डॉक्टरने तंबाखू सोडवली, सुपारी सोडवली. तुम्ही मला अडकित्ते दाखवून राह्यले. वाद्यं दाखवा.’

मग अर्धा तास तो वाद्यांपुढे उभा राहिला. काय पाहत होता देव जाणे. बाहेर आल्यावर लिहिले: ‘तारा सैल सोडून ठेवल्या आहेत. बरोबर केलं. ताणून ठेवल्या तर भोपळा जातो.’

महोत्सव आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. दिवस शेवटचा, १८ डिसेंबर, रविवार. रात्र रात्र गाणे आता इतिहासात जमा झाले. ध्वनिवर्धकांच्या नियमांमुळे त्या रात्री दहाला आटोपायचे होते, म्हणून गाणे दुपारीच सुरू झाले होते. भारतीय बैठकीची तिकिटे काढून आम्ही चटया पसरल्या. दोन वर्षांच्या खंडानंतर माणसे नुसती गाणे ऐकायला आली नव्हती, एकमेकांना जिवंत पाहायलाही आली होती. मागच्या-पुढच्या चटयांवरून ‘अरे, आहेस का!’ असे आवाज येत होते, आणि ते थट्टेने नव्हते.

ज्यांच्या नावाचा हा महोत्सव, त्या सवाई गंधर्वांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. रामभाऊ कुंदगोळकर, जन्म १८८६ चा. गळा मुळात गोड नव्हता. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या हाताखाली घासून घासून त्यांनी तो घडवला. नाटकांत स्त्रीभूमिका केल्या, नाव मिळवले, आणि मैफलींचा राजा झालेले असताना १९४२ च्या सुमारास अर्धांगाचा झटका आला. गाणे जवळजवळ संपले. पुढची वर्षे त्यांनी शिकवण्यात काढली. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन हे त्यांचेच शिष्य. भीमसेन १९३६ पासून कुंदगोळला त्यांच्या घरी पाणी भरून शिकले. १९५२ च्या सप्टेंबरात रामभाऊ गेले आणि पुढच्याच वर्षी शिष्याने हा महोत्सव सुरू केला. २०११ साली भीमसेनही गेले. तेव्हापासून नावात दोघेही आहेत. हे सर्व मी गाडीतच सांगून घेतले होते. झटक्याचा भाग तेवढा मोठ्या कौशल्याने गाळला होता.

गाण्यात माझे लक्ष कमी आणि आप्पाकडे जास्त होते, हे कबूल करतो. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक जसा एका संशयित मुलावर नजर ठेवतो, तशी मी त्याच्या चेहऱ्यावर ठेवली होती. तो आपला मांडीवर ताल धरून बसलेला. समेवर हात वर जायचा. चांगली जागा आली की बाकीचे ‘वाः’ म्हणायचे आणि हा डोळे मिटायचा. पाच-सहा तास असे गेले. नानाने मला कोपराने ढोसले, म्हणजे ‘बघ, काही झाले नाही.’

आणि आठच्या सुमारास झाले. विलंबित चालले होते, मंडपात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि आप्पाला खोकला आला. आपला खोकला आपण दाबतो. तोंडावर रुमाल धरतो. त्याचा खोकला तोंडातून येतच नाही. गळ्याच्या भोकातून येतो, शिट्टी आणि घरघर एकत्र झाल्यासारखा, आणि तो दाबता येत नाही. पुढचे शालवाले गृहस्थ वळून म्हणाले, ‘शूऽऽ!’ आप्पाने हात जोडले. दुसऱ्यांदा खोकला आला तेव्हा ते गृहस्थ मला म्हणाले, ‘अहो, त्रास होतोय तर बाहेर न्या ना त्यांना!’ दोष त्यांना तरी काय द्यावा? त्यांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते आणि मीही काही बोललो नाही. आप्पा वही काखेत धरून, वाकून, माणसांच्या रांगांमधून बाहेर गेला.

मी लगेच उठलो नाही. दहा मिनिटे बसून राहिलो. त्या दहा मिनिटांत मला फार वाईट वाटत होते. पण खोटे कशाला सांगू, त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक बारीकसे समाधान होते. मी म्हणालो होतो की नाही? मीच सांगत होतो, याला आणू नका. आता तो कुठेतरी कोपऱ्यात रडत असेल आणि नाना-बापूंना माझे म्हणणे पटेल. पंचवीस वर्षे साहित्य वाचून-शिकवून मनात हे उगवावे!

शोधत गेलो. खाण्याच्या दुकानांपाशी मोठा पडदा लावलेला होता, त्यावर आतले गाणे दिसत होते आणि ऐकूही येत होते. चहाच्या एका टपरीशेजारी पालथ्या क्रेटवर आप्पा बसला होता. समोर चहा. शेजारी टपरीवरचा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, आणि दोघांची डोकी वहीत. मी वाकून पाहिले. वहीत आप्पाने एकतालाचे बारा बोल लिहिले होते, पहिल्यावर मोठी फुली. विलंबितात एकेक मात्रा किती लांब असते, ते तो पोराच्या पाठीवर थापटून दाखवत होता. पोरगा ‘आता? काका, आता?’ करीत होता. तीनदा चुकला. चौथ्यांदा गाणे समेवर आले आणि पोराचा हात बरोबर क्रेटवर पडला. आप्पाचे खांदे हसले.

मला पाहून त्याने पान उलटले आणि लिहिले: ‘आत जीव मुठीत धरून बसलो होतो. इथे खोकता येतं. तू जा आत.’

मी गेलो नाही. थोड्या वेळाने नाना आला, मग चटया गुंडाळून बापू आला. महोत्सवाची सांगता प्रभाताई अत्र्यांच्या गाण्याने व्हायची होती, ती आम्ही चौघांनी क्रेटवर बसून ऐकली. प्रभाताई तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या. पडद्यावर त्यांचा चेहरा मोठा दिसत होता. कुठे श्वास घेतात, कुठे सोडतात, कुठे नेमका राखून ठेवतात, ते आतल्या चटईवरून दिसले नसते. आप्पाची नजर त्या श्वासावर खिळली होती. (पुढे अवघ्या वर्षभराने, २०२४ च्या जानेवारीत, त्या गेल्या. ते वर्तमानपत्र आप्पाने दुकानात दाखवले. पुडी बांधायला घेतले नाही.)

त्याच रात्री तिकडे कतारात फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता. टपरीवरच्या पोराने मोबाइल बरणीला टेकवून ठेवला होता आणि एक डोळा मेस्सीवर, एक वहीवर, अशी त्याची कसरत चालू होती. अर्जेंटिनाचा दुसरा गोल झाला तेव्हा तो ओरडलाच. आप्पाने ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे असे पाहिले, की ते शालवाले गृहस्थ त्यापुढे काहीच नव्हेत.

दहा वाजत आले. या महोत्सवाची एक रीत आहे. सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात, भैरवीतली. पहिल्यांदा आम्ही ती रमणबागेत उजाडताना ऐकली होती. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी. आधी खरखर, मग त्या खरखरीतून लांबून आल्यासारखा आवाज. मंडपातली कुजबुज थांबली. टपरीवाल्याने गॅस बारीक केला. शिट्ट्या घालणारा रखवालदारही थांबला. आप्पा मान खाली घालून ऐकत होता. मधेच त्याला पुन्हा खोकला आला. त्याने तो येऊ दिला.

संपल्यावर त्याने वही मांडीवर घेतली. लिहिले आणि माझ्याकडे सरकवली.

‘रेकॉर्डपण खरखरते. तिला कोणी शू म्हणत नाही.’

मग गाडीत गाळलेला भाग मी त्याला तिथे सांगितला. झटका, गाणे थांबणे, त्यानंतरची शिकवण्याची दहा वर्षे. तो ऐकत राहिला आणि शेवटी लिहिले: ‘माहीत आहे. रेडिओवर सांगितलं होतं.’

दुसऱ्या दिवशी एसटीने परतलो. नगर, औरंगाबाद (तेव्हा नाव हेच होते), सिल्लोड, आणि मग अजिंठ्याचा घाट उतरला की कपाशीची वावरे आणि आपली भाषा दिसायला लागते. पहूरला बापूने शेव-चिवडा घेतला, नाना हिशेब करीत बसला, मी झोपलो.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या आषाढीला, शटर पूर्ण उघडे होते आणि दुकानात वहिनी होत्या. आप्पा रथापुढे होता. गायची गोष्टच नव्हती, गळ्यात टाळ. नव्या पोरांची लय पळायला लागली, की तो टाळ असा आपटायचा की पुढची ओळच्या ओळ मागे वळून पाहायची. लाउडस्पीकरवाला तोच होता. त्याने या खेपेला आप्पाला माइकजवळ ओढले.

परवा वही दिली तेव्हा मी त्या दिवसाचे पान काढले. लेखात घालावे असे तिथे काही तरी सापडेल, अशी मास्तरी आशा होती. पान असे आहे:

‘रिक्षा १४०. पर्वती १०३ बरोबर. बापू २०. नानाचे ५०० देणे. बालगंधर्वांना जळगावचे म्हटले तर माणूस असतील म्हणतो. अडकित्ते ठीक. चहा ४, नंतर २, नंतर ४, पोराने शेवटचे पैसे घेतले नाहीत. सम बरोबर धरतो, तबला शिकव म्हणून त्याच्या मालकाला सांगणे, राहिले. मफलर धुणे. केळी पुण्यात ६० रुपये डझन, आणि आम्हाला क्विंटलचा भाव काय देता रे!’

शेवटची ओळ बापूच्या हातची आहे.